पेटी दुरुस्त करावी का?

आमच्या घरात गेले दोन महिने एका काळ्या पेटीवरून वाद चालला आहे. पेटी म्हणजे चावीचा ग्रामोफोन. एचएमव्हीचा, बॅगेसारखा उचलून नेता येणारा, 102 नंबरचा. माझ्या आजेसासऱ्यांनी घेतलेला. साताऱ्याचे जुने घर पाडले तेव्हा तो आमच्याबरोबर सिंगापूरला आला आणि बुकित पंजांगच्या फ्लॅटमध्ये कपाटावर जाऊन बसला. परवा खाली काढला तर अवस्था पाहवेना. स्प्रिंग तुटलेली, रेक्झिनला बुरशी, साऊंडबॉक्समधले रबर दगडासारखे कडक आणि त्याचे धातूचे मागचे झाकण तडकलेले.

मुलांनो, आधी थोडी माहिती. एडिसनने 1877 साली आवाज साठवणारे यंत्र केले, त्याला फोनोग्राफ म्हणत. त्यात आवाज फिरत्या नळकांड्यावर उमटत असे. सपाट तबकडीची कल्पना एमिल बर्लिनरची, 1887 ची, तो ग्रामोफोन. 1902 साली फ्रेड गाइसबर्ग नावाचा मुद्रक कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजान यांची गाणी मुद्रित केली. त्याच दौऱ्यात 1903 साली तो आपल्या सिंगापूरलाही येऊन गेला. या यंत्राला वीज लागत नाही. चावी दिली की पोलादी पट्टीची स्प्रिंग आवळते, ती सुटताना तबकडी मिनिटाला 78 वेळा फिरते. दहा इंची रेकॉर्डच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. एवढ्यात राग मांडायचा म्हणजे गवयाची परीक्षाच. भास्करबुवा बखले आणि अल्लादियाखाँ यांची रेकॉर्ड मागे राहिली नाही. त्यांचे गाणे आपण फक्त वाचू शकतो. म्हणून ज्यांची राहिली, ती जपायला हवी.

आता वाद. आमच्या मुलाचे म्हणणे, पेटी नवीकोरी करून घ्यावी. एक कारागीर तयारही आहे: नवे रेक्झिन, नवा मुलामा, आत नवे अस्तर. मुलाच्या बाबांचे म्हणणे अगदी उलट. जुन्या वस्तूला हात लावू नये, आहे तशी काचेच्या कपाटात ठेवावी. दुरुस्तीच्या पैशात दुसरा चालू ग्रामोफोन मिळेल, हाही त्यांचा मुद्दा. तो खरा आहे.

मी दोघांचेही ऐकले असते, पण अस्तराने घोटाळा केला. झाकणाच्या आतल्या बाजूला आजेसासऱ्यांनी एक कागद चिकटवला आहे. त्यावर टाकाने लिहिलेली रेकॉर्डांची यादी आहे. अर्धी कसरीने खाल्ली आहे. आमचे चिरंजीव, ज्यांना शनिवारी मराठीच्या वर्गाला पाठवताना रोज नवा बहाणा ऐकावा लागतो, ते त्या कागदासमोर पाऊण तास बसले. एकेक अक्षर लावत ‘हिराबाई बडोदेकर’ वाचले, ‘बालगंधर्व’ वाचले. एका ओळीपुढे ‘तडा गेला, वाजवू नये’ असे होते, तेही वाचले. कोणी सांगितल्याशिवाय त्याने वाचलेले हे पहिले मराठी. नवे अस्तर लावायचे तर हा कागद फाडावा लागणार.

तेव्हा माझे मत असे झाले. दुरुस्ती करताना एकच प्रश्न विचारावा: हे परत पूर्वीसारखे करता येईल का? स्प्रिंग बदलली, वाळलेले ग्रीस काढले, रबर नवे घातले, तर जुने भाग डब्यात ठेवता येतात. पेटीचे काही जात नाही. तडकलेले झाकण मात्र बदलावेच लागेल, कारण जस्ताचा तसला मिश्रधातू एकदा फुगून तडकू लागला की पुन्हा सांधत नाही. पण रेक्झिन, मुलामा, अस्तर एकदा गेले की गेले. ते फक्त पुसून, कोरडे करून ठेवावे. म्हणजे आतून दुरुस्ती, बाहेरून हात नाही.

यावर मुलाने चांगला सवाल केला. आम्ही रेल कॉरिडॉरवर फिरायला जातो. तिथले बुकित तिमाह स्टेशन 1932 सालचे. 2011 साली गाड्या बंद झाल्या, आणि स्टेशन नीट दुरुस्त करून 2022 साली पुन्हा खुले झाले. तो म्हणाला, “तिथे गाडी येत नाही तरी सगळे बघायला जातात. मग आपली पेटी वाजली नाही म्हणून काय बिघडलं?” मी म्हटले, गाडी आणणे आपल्या हातात नाही. गाणे आणणे आहे.

शेवटी साताऱ्याला फोन लावला. सासूबाई 84 वर्षांच्या आहेत. म्हणाल्या, “मी लग्न होऊन आले तेव्हा दुपारची आवराआवर झाली की मामंजी मला चावी द्यायला लावायचे. तुम्ही फोनवर गाणी लावून देता ती ऐकते मी. पण ती पेटी वाजायला हवी. आता माझ्या हातात जोर नाही, नातू फिरवेल चावी.” बाबांचे काचेचे कपाट तिथेच संपले.

तेव्हा जूनच्या सुट्टीत पेटी मुंबईला नेऊ. तिथे 1990 पासून जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ ही संस्था आहे. अशा जाणकारांना विचारून कारागीर ठरवू. रेकॉर्डांची गाणी मात्र आधी वेगळ्या यंत्रावर, 78 च्या खाचेला बसणाऱ्या सुईने उतरवून घेऊ. ग्रामोफोनचा जड साऊंडबॉक्स आणि पोलादी पिन प्रत्येक वेळी खाच थोडी झिजवतातच. पेटीवर मोजक्याच रेकॉर्ड, मोजक्याच वेळा, आणि दर बाजूला नवी पिन.

तुमच्याही माळ्यावर असे काही असेल, तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्प्रिंगचा डबा घरी उघडू नका. आवळलेली स्प्रिंग सुटली तर हात कापते. आणि 78 च्या रेकॉर्ड स्पिरिटने पुसू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. आजोबांच्या काळापासून टिकलेले गाणे एका बोळ्याने जाईल.

तुमचे मत वेगळे असेल तर पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. मुलांनी लिहिले तर अधिक आनंद. आमच्या चिरंजीवांनी तर आत्ताच बजावले आहे, “आई, मी तुझ्या विरुद्ध लिहिणार आहे.” मराठीत लिही म्हटले.

— एक पालक