मज्जातंतूचा धडा आता जेलमध्ये. 'लातूर पॅटर्न' तो वाचणार का?

नांदेड, लातूर - मज्जातंतूतून विद्युत संदेश कसा जातो, हे अकरावी-बारावीच्या जीवशास्त्रात शिकविले जाते. डॉक्टर होण्याच्या ओढीने नांदेड-लातूरच्या शिकवणी वर्गांत आलेले हजारो विद्यार्थी ते पाठ करतात. परीक्षेत एखाद्या गुणापुरता उरणारा हा विषय जगभरच्या प्रयोगशाळांत मात्र मऊ, पाणीदार जेलच्या रूपाने पुढे सरकला आहे.

तारेतील वीज इलेक्ट्रॉन वाहतात. मज्जातंतूत हे काम सोडियम-पोटॅशियमचे आयन करतात. शांत चेतापेशीच्या आत बाहेरच्या तुलनेत सुमारे उणे ७० मिलिव्होल्ट विभव असते. सोडियम आत शिरताच ते उलटते आणि संदेश पुढे जातो. हॉजकिन व हक्स्ले यांनी १९५२ मध्ये याचे गणित मांडले. १९६३ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पाणी धरून ठेवणाऱ्या जेलमध्ये मीठ विरघळविल्यास तेथेही आयनच वीज वाहतात. हार्वर्डच्या संशोधकांनी २०१३ मध्ये अशाच पारदर्शक, ताणता येणाऱ्या जेलपासून ध्वनिक्षेपक बनविला. स्वीडनमधील संशोधकांनी २०२३ मध्ये झेब्राफिशच्या शरीरात जेल टोचले व तेथील शर्करेच्या साह्याने ते वीजवाहक बनविले. धातूचे कठीण इलेक्ट्रोड मेंदूच्या मऊ ऊतीला इजा करतात, भोवती व्रण धरतो आणि संदेश क्षीण होतो. म्हणूनच या प्रयोगांना मोल आहे.

तथापि, 'कृत्रिम मज्जातंतू' तयार झाला, असे म्हणणे घाईचे ठरेल. खरा मज्जातंतू पावलोपावली ऊर्जा खर्चून संदेश ताजा करतो. साधे जेल तो केवळ वाहून नेते. शिवाय उघड्यावर ते सुकते.

या क्षेत्राला महाराष्ट्र परका नाही. तुटल्यावर आम्लात काही सेकंदांत सांधले जाणारे जेल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या संशोधनात डॉ. रघुनाथ माशेलकर व डॉ. आशिष लेले सहभागी होते.

प्रश्न मराठवाड्याचा आहे. नांदेडला १९९४ पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे, लातूरला त्याचे उपकेंद्र आहे. मिठाच्या जेलचे प्राथमिक प्रयोग फार खर्चिक नाहीत. गरज आहे ती रसायन, भौतिक व जीवशास्त्र एकत्र शिकण्याची. 'लातूर पॅटर्न'ने कष्टाची सवय लावली, पण ती वैद्यकीय प्रवेशापाशी थांबते. पाठ केलेला आयन हाती घेऊन पाहण्याची संधी या विद्यार्थ्यांना कोण देणार, याचे उत्तर पालक, संस्थाचालक आणि विद्यापीठ या तिघांनाही द्यावे लागेल.