गहाण घरातला भाडेकरू

पुण्या-मुंबईत घर भाड्याने देणे आता अर्ध्या तासाचे काम झाले आहे. एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, कॅमेऱ्यासमोर बसवून फोटो काढतो आणि लिव्ह अँड लायसन्सचा करार ऑनलाइन नोंदवायला पाठवतो. त्या मजकुरात बऱ्याचदा एक वाक्य असते : सदर सदनिका निर्वेध व बोजारहित आहे. गृहकर्जाचे हप्ते भरत असलेला मालक न वाचताच अंगठा टेकवतो आणि खोटे लिहून देतो.

घर आपले, मग विचारायचे कुणाला? कायदा इतका सोपा नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 गहाण घर भाडेपट्ट्याने देण्याची मुभा देतो; पण मुदत फार तर 3 वर्षे, पागडी नाही, आगाऊ भाडे नाही. गहाणखतात उलट अट असेल तर एवढीही मुभा उरत नाही. आणि ‘बँकेच्या लेखी संमतीशिवाय जागा भाड्याने देऊ नये’ हे कलम कर्जाच्या करारात सर्रास आढळते. बँकेला कळू नये म्हणून काही जण करार नोंदवतच नाहीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. ती टाळली तर 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय वाद झाल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे आधी ग्राह्य धरले जाते.

‘भाड्यातून हप्ता निघेल’ हा हिशोबही तपासावा. 60 लाखांचे कर्ज, साडेआठ टक्के व्याज, 20 वर्षे मुदत धरली तर हप्ता सुमारे 52,000. पहिल्या महिन्यात त्यातले 42,500 नुसते व्याज. भाडे 24,000 आले तरी त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतचा नॉन-ऑक्युपन्सी चार्ज आणि भाडेकरू बदलताना रिकामा जाणारा महिना वजा होतो. नव्या कररचनेत घरभाड्यातला तोटा पगारातून वजाही करता येत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त हप्ता पगारातूनच जायचा. नोकरी गेली तर भाडे घर वाचवू शकत नाही.

मग काहींना ‘हेवी डिपॉझिट’ सुचते. भाडेकरूकडून 15 लाख एकरकमी घ्यायचे, भाडे नाममात्र ठेवायचे आणि त्या पैशाने थकलेले हप्ते भागवायचे. खरे तर हे दुसरे कर्जच असते, फक्त तारण न देता घेतलेले. करार संपताना ही रक्कम परत करायची असते, तीही भाड्याचा आधार नसताना.

इथे फटका मालकापुरता राहत नाही. हप्ता 90 दिवसांहून जास्त थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. मग थकीत कर्जाच्या वसुलीसाठीच्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची नोटीस येते. त्या नोटिशीनंतर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर भाड्याने देता येत नाही. पैसे भरले नाहीत तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने ताबा घेतला जातो. नोटीस मालकाच्या नावाने येते. घर रिकामे करावे लागते ते वेळेवर भाडे देणाऱ्याला. संमतीशिवाय आत आलेल्या परवानाधारकाकडे, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सवरच्या भाडेकरूकडे, बँकेला अडवण्यासारखा हक्क जवळपास नसतो.

म्हणून भाड्याने देऊच नये असे नाही. बँकेची लेखी संमती घ्यावी, कर्जाचा उल्लेख करारात करावा, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकेच ठेवावे आणि निदान सहा हप्ते हाताशी असावेत. भाडेकरूनेही मूळ कागद कुठे आहेत, हे विचारायला संकोचू नये.

ही काळजी टाळली, तर सीलबंद दाराबाहेर सामानासह उभ्या राहिलेल्या माणसाकडे एकच पुरावा उरतो : मालकाने अंगठा देऊन नोंदवलेला करार. आणि त्यात ते वाक्य असते.