पगार करणारी माणसं



महिन्याची शेवटची तारीख. संध्याकाळी सहा वाजता मोबाइलवर 'टिंग' वाजतं. तुम्ही रक्कम बघता आणि एक तर खूश होता, नाही तर कपाळाला आठ्या घालता. पण ती रक्कम कुणीतरी बसून मोजलेली असते, हे तुमच्या कधी मनात आलंय? माझ्या तरी आलं नव्हतं. आलं ते फजिती झाल्यावर.

माझी पहिली नोकरी घरूनच होती. इथे जबलपूरला, दीक्षितपुऱ्यातल्या आमच्या माडीवर बसून मी लेख लिहायचे आणि कंपनी होती दुसऱ्या शहरात. पहिला पगार आला तो चार दिवसांचे पैसे कापून. माझा पारा चढला. मी थेट ऑफिसच्या ग्रुपवर लिहून मोकळी झाले, "माझा पगार इतका होता, इतकाच आलाय, हा काय प्रकार आहे?" चाळीस लोकांनी ते वाचलं.

दहा मिनिटांनी पेरोलच्या ताईंचा फोन आला. त्या चिडल्या नव्हत्या. म्हणाल्या, "आधी तो मेसेज काढून टाक. तुझा पगार किती, हे मी कुणाला सांगत नाही. मग तूच का सांगतेस?" मग त्यांनी हजेरीचं ॲप उघडायला लावलं. पहिले चार दिवस मी काम केलं होतं, पण हजेरी लावलीच नव्हती. ॲपच्या लेखी मी बिनपगारी रजेवर होते. पुढच्या महिन्यात थकबाकी म्हणून ते पैसे मिळाले. चूक माझी होती, पण ताईंनी ती ग्रुपवर उघडी पाडली नाही. कामाच्या ठिकाणचं वागणं म्हणजे काय, हे मी त्या फोनवर शिकले.

एकाच पगारामागे किती कामं!

आपल्याला वाटतं, पेरोल म्हणजे बेरीज-वजाबाकी आणि ती तर कॉम्प्युटर करतो. प्रत्यक्षात मोठ्या कंपनीत यासाठी वेगवेगळी माणसं असतात. एक जण हजेरी, रजा, ओव्हरटाइम गोळा करतो. दुसरा हिशेब तपासतो. तिसऱ्याच्या डोक्यात फक्त तारखा. कापलेला आयकर सरकारकडे साधारणपणे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा, भविष्य निधी आणि ईएसआयचे पैसे १५ तारखेपर्यंत. कुणी नोकरी सोडणाऱ्यांचा शेवटचा हिशेब करतो, कुणी सॉफ्टवेअर सांभाळतो आणि कुणी दिवसभर "माझे पैसे का कापले?" या एकाच प्रश्नाला उत्तरं देतो. छोट्या दुकानात किंवा कारखान्यात हे सगळं एकटे मुनीमजी करतात.

नियमही बदलत असतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी वेतन संहिता लागू झाली. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा आणि नोकरी सुटली तर हिशेबाचे वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत, असं ती सांगते.

आपल्या जबलपूरकरांना तर याचं वेगळं उदाहरण द्यायला नको. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातल्या ४१ आयुध निर्माणी सात सरकारी कंपन्यांत वाटल्या गेल्या. १९०४ पासूनची आपली गन कॅरेज फॅक्टरी एका कंपनीत गेली, खमरिया दुसऱ्या आणि व्हेइकल फॅक्टरी तिसऱ्या. कर्मचाऱ्यांना प्रतिनियुक्तीवर मानलं गेलं. त्या दिवसांत ओट्यावर, चहाच्या टपरीवर एकच विषय होता, "आता आपल्या पेन्शनचं काय?" अशा वेळी खिडकीपलीकडचा माणूस "सर्क्युलर वाचा" म्हणतो की दोन मिनिटं समजावून सांगतो, यावर ऐकणाऱ्याची रात्रीची झोप ठरते.

काकूंच्या घरची गोष्ट

आमच्या गल्लीत एक काकू राहतात. काका एका खासगी कंपनीत होते, नोकरीत असतानाच गेले. काकूंना बँकेचं पासबुकसुद्धा कधी बघावं लागलं नव्हतं.

तेरावं झाल्यानंतर कंपनीतले पेरोलचे दादा घरी आले. आधी नाही आले, तेरावं होऊ दिलं. त्यांनी एका कोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणलं होतं: भविष्य निधी, विधवा पेन्शन, विमा. या तिसऱ्या शब्दावर सगळेच चमकले. भविष्य निधीबरोबर विमाही असतो, त्याचा हप्ता मालक भरतो आणि तो ७ लाखांपर्यंत मिळू शकतो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मग अडचणी निघाल्या. काकांनी लग्नाआधी वारस म्हणून आईचं नाव लावलं होतं आणि नंतर बदललंच नाही. लग्न झालं की ते जुनं नामनिर्देशन बाद होतं, पण नवं भरलेलं नव्हतं. वर आपल्या मराठी घरातली खास गंमत म्हणजे लग्नात काकूंचं नाव बदललेलं. आधारवर माहेरचं नाव, रेशन कार्डावर सासरचं. दोन्ही बाया एकच, हे सिद्ध करायला कागद गोळा करावे लागले. दादा तीनदा येऊन गेले.

मला लक्षात राहिलं ते वेगळंच. बाहेरच्या खोलीत नातेवाईक बसले होते. काकूंनी विचारलं, "साधारण किती मिळतील?" दादांनी तोंडाने आकडा सांगितला नाही. कागदाच्या कोपऱ्यावर लिहिला, कागद काकूंकडे सरकवला आणि त्यांनी वाचल्यावर घडी घालून त्यांच्याच हातात दिला. असं वागणं कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बसवता येत नाही.

आपण यातून काय घ्यायचं?

तुमचं काम पेरोलचं असो, शाळेतलं असो की दुकानातलं, चार गोष्टी सगळीकडे चालतात. दुसऱ्याची खासगी गोष्ट आपल्याजवळ ठेवा. समोरचा चिडला असेल तर आधी त्याचं पूर्ण ऐका, कारण पैशावरून आलेल्या रागात बऱ्याचदा भीती असते. अवघड नियम सोप्या भाषेत सांगा. आणि आपली चूक असेल तर "सिस्टिमने केलं" न म्हणता "माझ्याकडून राहिलं, अमुक तारखेला दुरुस्त होईल" असं म्हणा.

आणि पगार घेणाऱ्यांनो, आपल्याकडूनही थोडं व्हायला हवं. या रविवारी एवढं कराच:

• सॅलरी स्लिप उघडून प्रत्येक ओळ वाचा. कळली नाही तर विचारा, पण ग्रुपवर नको.
• भविष्य निधीच्या खात्यात वारसाचं नाव बघा. लग्न झालं असेल तर नक्कीच.
• आधार, पॅन, बँक आणि भविष्य निधी, चारही ठिकाणी नावाचं स्पेलिंग एकच आहे ना, ते तपासा.
• हे सगळं कुठे ठेवलंय, ते घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा.

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'देणं चुकवणं', म्हणजे ज्याचं त्याला देऊन टाकणं. काकूंना त्यांचं मिळालं, पण सात महिने लागले. वारसाचं नाव बदलायला काकांना मोबाइलवर अर्धा तास पुरला असता.

तुमचा अर्धा तास कधी काढताय?