दुसरं पान

मावशी 68 वर्षांच्या. दोन्ही गुडघे बाहेर वाकलेले, एक्स-रेवर झिजेची केलग्रेन-लॉरेन्स मोजपट्टीवरची तिसरी पायरी, वजन 78 किलो. हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर उणे 0.6. "हाडं ठणठणीत आहेत मावशी, दुखणं काय ते गुडघ्याचं," असं मीच त्यांना सांगितलं. चार महिन्यांनी न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडखळला आणि खुबा मोडला. मग तो रिपोर्ट पुन्हा हातात घेतला. दुसऱ्या पानावर खुब्याच्या मानेचा टी-स्कोअर होता उणे 2.7. ते पान मी उलटलंच नव्हतं.

सांध्यांची झीज झालेल्या बाईची हाडं मजबूत असतात, हा समज आपल्या डोक्यात पक्का बसलाय. आणि तो निराधारही नाही. खुबा मोडलेल्यांच्या सांध्यात झीज क्वचितच दिसते, हे फॉस आणि बायर्स यांनी 1972 मध्येच नोंदवलं होतं. फ्रेमिंगहॅमच्या 2000 सालच्या अभ्यासात तर गुंता आणखी वाढला: हाडांची घनता जास्त असलेल्या स्त्रियांत गुडघ्याची झीज सुरू होण्याची शक्यता अधिक दिसली, पण सुरू झालेली झीज त्यांच्यात कमी वेगाने पुढे सरकली. वजनाचाही यात हात आहेच. मात्र रॉटरडॅमच्या पाहणीत झीज असलेल्यांची घनता मुळात जास्त असली, तरी वयाबरोबर ती घटत होती अधिक वेगाने. आज शिल्लक भरपूर दिसते, पण खात्यातून पैसे भराभर जाताहेत, अशातली गत.

त्यात मणक्याचा आकडा फसवा. डेक्साचं यंत्र मागून पुढे आरपार पाहतं. मणक्याला फुटलेले काटे, कडक झालेले मागचे छोटे सांधे, महाधमनीत साचलेलं कॅल्शियम, सगळं ते हाडाच्याच नावावर जमा करतं. म्हणून एखाद्या मणक्याचा टी-स्कोअर शेजाऱ्यापेक्षा एकाहून जास्त फरकाने वेगळा असेल तर तो वगळायचा, आणि दोनसुद्धा मणके उरले नाहीत तर मणक्यावरून निदानच करायचं नाही. मावशींच्या कमरेच्या चौथ्या मणक्याने सरासरी वर खेचली होती. प्रतिमा पाहिली असती तर ते तिथल्या तिथे कळलं असतं. (फुकट शिबिरांत टाचेवर लावतात त्या अल्ट्रासाउंड यंत्राबद्दल काय बोलावं? हाडं ठिसूळ ठरवणारी उणे 2.5 ही 1994 ची सीमारेषा त्या यंत्रासाठी नाहीच.)

शिवाय हाड मोडायला नुसती कमी घनता पुरत नाही, पडणंही लागतं. दुखरा गुडघा ऐनवेळी दगा देतो, मांडीचे स्नायू रोडावतात, रात्री लघवीला उठताना तोल जातो. म्हणजे घनता थोडी बरी असली, तरी पडण्यापायी तो फायदा पुसला जातो. गुडघा बदलताना करवत लोण्यातून फिरावी तशी फिरली, की हाड किती ठिसूळ आहे ते सर्जनला कळतं. पण तेव्हा बाई टेबलावर असते.

गुडघ्यासाठी येणाऱ्या प्रत्येक वयस्क बाईची उंची ओपीडीतच मोजा आणि तरुणपणची विचारा. चार सेंटिमीटरची घट असेल तर एखादा मणका दबलाय का ते पाहायला मणक्याचा बाजूने एक्स-रे काढा. मावशींची उंची आम्ही खुब्याच्या ऑपरेशननंतर विचारली. मुलगी म्हणाली, "दोन वर्षं झाली, आईचा हात देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवरच्या समईला पोचत नव्हता. आम्हाला वाटलं, गुडघ्यामुळे टाचा उचलत नसेल."