अन्नासाठी कामाची अट

अमेरिकेतील सरकारी अन्नसाहाय्याला १९९६ च्या कायद्याने कामाची अट जोडली. मुलांची जबाबदारी नसलेल्या सक्षम प्रौढाने महिन्याला ८० तास काम वा प्रशिक्षण दाखवावे. अन्यथा तीन वर्षांत तीनच महिने साहाय्य. तेव्हा ही अट वयाच्या ४९ व्या वर्षापर्यंत होती. जुलै २०२५ च्या कायद्याने ती ६४ पर्यंत नेली, आणि १४ वा अधिक वयाची मुले असलेल्या पालकांनाही लागू केली. बेघरांना २०२३ मध्ये दिलेली सूटही काढून घेतली.

धडधाकट माणसाने काम करावे, याला कोणाचा विरोध असणार? पण अट तपासली जाते ती कागदावर. हॉटेलातील वाढप्याचे तास मालक ठरवतो. एखाद्या महिन्यात ते ७० च भरले, तर दोष कोणाचा? (उपाशी मात्र वाढपीच.)

शिवाय काम पुरवण्याचे बंधन तेथील राज्यांवर नाही. महाराष्ट्राच्या १९७७ च्या रोजगार हमी कायद्यात घमेले उचलण्याची तयारी मजुराची, पण पंधरा दिवसांत काम देण्याचे दायित्व शासनाचे. न दिल्यास बेकारी भत्ता. भत्ता नाममात्र होता हे खरे, परंतु जबाबदारी कोणाची याविषयी संदिग्धता नव्हती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने तर धान्याला कामाची अटच लावली नाही.

अमेरिकेला अट ठेवायचीच असेल, तर कोणाचेही साहाय्य थांबवण्यापूर्वी त्याला कोणते काम देऊ केले होते, याची नोंद संबंधित कार्यालयाने दाखवावी.