दुभाष्याला मार्क किती?

मी कॉन्व्हेंटची, म्हणून बँकेची इंग्रजी पत्रं आजीला समजावणं माझ्याकडेच. लिबएक्सएमएल-टू ही लायब्ररी सी भाषेत आहे. पायथनसाठी तिचा दुभाषी म्हणजे एलएक्सएमएल. सीमध्ये मेमरी हाताने मोकळी करावी लागते, पायथनवाल्याला ती सवयच नाही. ती भानगड हे बाइंडिंग निस्तरतं. शिवाय विंडोज, लिनक्स, मॅक, प्रत्येकाचं पॅकेज वेगळं. पायथनची नवी आवृत्ती आली की पुन्हा बांधा! आपण एक कमांड मारतो अन् विसरतो. प्रोजेक्टला मात्र सगळ्यांना काहीतरी 'नवीन'च हवं. माझं म्हणणं, अशा बाइंडिंगमधला एक बग जरी नीट काढला, तरी प्रोजेक्टचे मार्क मिळावेत. दुभाषी रजेवर गेला, की बोलणारे दोघंही मुके! बघा पटतंय का.