ठिगळ दिसू द्यावे

जुन्या वास्तूंचे काय करावे, यावर आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. एक, पडू दे, देवाची इच्छा. दुसरे, वर्गणी काढा आणि नवेकोरे करून टाका. तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळचे इफेसस पाहून आल्यापासून मला राहून राहून वाटते की, या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी वाट आहे आणि ती आपण शिकायला हवी.

इफेसस हे मूळचे ग्रीकांचे नगर. अलेक्झांडरच्या लायसिमॅकस या सेनापतीने ते इ.स.पूर्व तिसऱ्या शतकाच्या सुमारास आजच्या जागी नव्याने वसवले. पुढे रोमन अमलात ते आशिया प्रांताचे मुख्य शहर झाले. नदीच्या गाळाने बंदर हळूहळू बुजत गेले, समुद्र दूर सरकला आणि गाव ओस पडत गेले. समुद्र आता काही किलोमीटर लांब आहे. जहाजांतून उतरलेली माणसे ज्या रुंद संगमरवरी रस्त्याने थिएटरकडे यायची, त्या रस्त्याच्या टोकाला आज नुसता दलदलीचा, झुडपांचा भाग आहे.

सगळ्यांचे फोटो असतात ते सेल्ससच्या ग्रंथालयापुढचे. सेल्सस हा रोमन राज्यपाल. त्याच्या मुलाने दुसऱ्या शतकात वडिलांची समाधी आणि ग्रंथालय अशी दुहेरी वास्तू बांधली. वडील खाली दगडी शवपेटीत आणि वर पोथ्यांच्या गुंडाळ्या! पुस्तके घेण्यासाठी 25,000 दिनार ठेवल्याचे तिथल्या शिलालेखात आहे. वडिलांचे स्मारक म्हणून पुतळ्याऐवजी वाचनालय... आयुष्यभर शाळेत काढलेल्या माझ्यासारखीला याचे कौतुक वाटणारच.

आज दिसणारी ती दुमजली दर्शनी भिंत मात्र अठराशे वर्षे उभी नव्हती. भूकंपात ती कोसळून गेली होती. ऑस्ट्रियाच्या पुरातत्त्वज्ञांनी 1970 ते 1978 या काळात सापडलेले तुकडे जुळवून ती पुन्हा उभी केली. एकेक तुकडा कुठला, हे ठरवायचे, मग तो जागी बसवायचा. जिथे मूळ दगड मिळालाच नाही तिथे नवा ओतीव भाग घातला. गंमत म्हणजे तो लपवलेला नाही. जवळ जाऊन पाहिले की जुने कुठले आणि नवे कुठले ते कळते. कोनाड्यांतल्या चार स्त्रीमूर्तीही प्रतिकृती आहेत, मूळ मूर्ती व्हिएन्नात आहेत.

1964 च्या व्हेनिस सनदेत हेच तत्त्व सांगितले आहे. गहाळ भागाच्या जागी घातलेले नवे काम एकंदर वास्तूशी जुळावे, पण मुळापासून वेगळे ओळखू यावे. मला यात आपली गोधडी दिसली. गोधडीत कुठले ठिगळ आईच्या लुगड्याचे आणि कुठले आजोबांच्या सदऱ्याचे, हे दिसते म्हणून तर ती प्रिय असते ना?

आता आपल्याकडचा जीर्णोद्धार आठवा. काळ्या पाषाणाच्या मंदिरावर पिवळा-गुलाबी ऑइल पेंट. गाभाऱ्यात बाथरूमच्या टाइल्स. झिजलेल्या पायऱ्यांवर चकचकीत ग्रॅनाइट, पावसात पाय घसरेल असे. वर्गणीदारांच्या नावांची फरशी मात्र ठळक. आणि ज्या पाथरवटाने सात-आठशे वर्षांपूर्वी ती वेल कोरली, तो रंगाच्या थराखाली गाडला गेला.

कुणी म्हणेल, इफेसस हे मेलेले शहर, आपली देवळे जिवंत आहेत. तिथे रोज दिवा लागतो, अभिषेक होतो. ती काय संग्रहालये आहेत? हा मुद्दा खरा आहे आणि मी तो मानते. गळके छप्पर दुरुस्त व्हायलाच हवे, म्हाताऱ्या माणसांसाठी कठडाही हवा. पण दुरुस्ती करणे वेगळे आणि जुने पुसून टाकणे वेगळे. देवाला कठड्याची अडचण होत नाही. ऑइल पेंट त्याने कधी मागितला होता?

ग्रंथालयाच्या पुनर्बांधणीतही एक धोका आहे, तोही सांगते. एक भिंत इतकी देखणी झाली की लोक तीच पाहून परततात. जवळच आर्टेमिसचे देऊळ होते, प्राचीन जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक. तिथे आज एकच खांब उभा आहे, तोही सापडलेल्या निरनिराळ्या तुकड्यांचा रचलेला. त्यावर करकोच्यांचे घरटे. "एवढेच?" असे हे म्हणाले. एवढेच! पण काय गेले, ते त्या एका खांबाइतके मला त्या भिंतीनेही सांगितले नाही. सगळे पुन्हा उभारण्याचा हट्ट तिथे धरला नाही, हे बरेच झाले.

म्हणून माझे म्हणणे इतकेच. जुने देऊळ, वाडा, विहीर दुरुस्त करायला निघालात तर आधी फोटो काढून ठेवा, निघालेले दगड टाकू नका, जाणकाराला विचारा आणि रंगाचा डबा उघडण्यापूर्वी चार दिवस थांबा. नवे घालावे लागलेच तर ठिगळ दिसू द्या. त्यात कमीपणा नाही.

तुमच्या गावी कुणी असे शहाणपणाने काम केले असेल तर जरूर कळवा. वाचून फार बरे वाटेल.